खिडकीची प्रत्येक चकचकीत पट्टी क्रोमची नसते

जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या काचांभोवतीची धातूची पट्टी अनेकदा गाडीच्या रंगाआधी खराब होते. बॉनेटवर अजून चेहरा दिसत असतो, पण खिडकीची कड पांढरट, ठिपक्याठिपक्यांची झालेली असते. मुंबईत हे लवकर घडते. समुद्रावरून येणारा वारा मीठ घेऊन येतो आणि बरीच वाहने रस्त्यावरच उभी असतात. अशी पट्टी दाखवली की ठरलेला सल्ला मिळतो: “क्रोम गेलंय, निकल मारून घ्या.” या एका वाक्यापायी आजवर कितीतरी दुर्मीळ पट्ट्या कायमच्या वाया गेल्या आहेत, कारण त्यांपैकी अनेकींवर क्रोम कधी नव्हतेच.

खिडकीच्या पट्टीसाठी कारखाने मुख्यतः तीन प्रकार वापरत आले: ॲनोडाइझ केलेले ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील आणि पितळ, पोलाद किंवा जस्ताच्या मिश्रधातूवर चढवलेले क्रोम. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबी रोडस्टरच्या पुढच्या काचेची चौकट ॲल्युमिनियमची आहे. पोर्शे ९११च्या खिडक्यांच्या अनेक पट्ट्याही ॲल्युमिनियमच्या. आधी चंदेरी, १९७०च्या दशकात काळ्याही. तिन्ही धातू लांबून सारखेच चमकतात, मात्र त्यांची दुरुस्ती अगदी वेगवेगळी आहे.

ॲनोडाइझिंग म्हणजे वरून चढवलेला मुलामा नव्हे. ॲल्युमिनियम गंधकाम्लाच्या द्रावणात धनाग्र म्हणून टांगून वीज सोडली की त्याच्याच पृष्ठभागाचे ऑक्साइड होते. हा थर पारदर्शक, अतिशय कठीण आणि सच्छिद्र असतो. छिद्रांत हवा तो रंग भरता येतो आणि नंतर उकळत्या पाण्यात ती मिटवली जातात. भारतीय मानक आयएस १८६८ मध्ये या थरांची प्रतवारी मायक्रॉनमधल्या जाडीवर केलेली आहे. क्रोमचे तसे नाही. तिथे संरक्षणाचे बहुतेक काम खालचे निकेल करते. वरचे शोभेचे क्रोम इतके पातळ असते की आयएसओ १४५६ मध्ये नेहमीच्या थराची किमान जाडी ०.३ मायक्रॉन दिलेली आहे.

म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर थेट ‘निकल मारणे’ ही दुरुस्ती नाही, नासाडी आहे. जुने क्रोम उतरवण्याच्या आम्लात पातळ ॲल्युमिनियम खाल्ले जाते. त्यावर ऑक्साइडचा थर क्षणात पुन्हा धरतो, त्यामुळे आधी जस्ताची खास प्रक्रिया केल्याशिवाय निकेल नीट चिकटत नाही. चिकटले तरी एखाद्या बारीक छिद्रातून खारट ओल आत शिरली की निकेल शाबूत राहते आणि खालचे ॲल्युमिनियम झिजते. पावसाळा सरता सरता फोड येतात आणि पापुद्रे सुटतात.

पट्टी कशाची आहे हे ओळखायला पाच मिनिटे पुरतात. लोहचुंबक एकटा पुरेसा नाही. मोटारींच्या पट्ट्यांसाठी सर्रास वापरले जाणारे ४३० जातीचे स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटते. खात्रीचा उपाय मल्टिमीटर. पट्टीवर लॅकर किंवा रंग मारलेला नाही हे पाहून मीटर कंटिन्युइटीवर ठेवावा आणि दोन्ही टोके न खरवडता हलकेच टेकवावीत. क्रोम आणि स्टेनलेसवर मीटर वाजतो. ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमवर गप्प राहतो, कारण ऑक्साइडमधून वीज जात नाही. मग रबरी बीडिंगखाली दडलेल्या टोकाला बारीक ओरखडा काढून तिथेच मीटरची दोन्ही टोके टेकवली की तो वाजू लागतो.

ॲल्युमिनियम निघाले, तर क्रम असा: पट्टी सोडवून कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात जुना थर उतरवायचा, बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने खड्डे घालवायचे, बफ मारायचा आणि पुन्हा ॲनोडाइझ करायचे. बफ मारताना पट्टी लाकडी फळीवर पक्की बसवलीच पाहिजे. चाकाने टोक पकडले की ती वाकते, आणि वाकलेली पट्टी क्वचितच पूर्ववत होते. नुसता बफ मारून सोडलेली पट्टी सुरुवातीला आरशासारखी दिसते, पण दमट खाऱ्या हवेत लवकरच मंदावते. काळी पट्टी काळ्या रंगात ॲनोडाइझ करणे उत्तम. ते जमत नसेल तर नीट घासून, एचिंग प्रायमर देऊन मारलेला टू-के (दोन घटकांचा) सॅटिन काळा रंगही चालतो. पावडर कोटिंगचा थर मात्र साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणून पट्टी क्लिपांत आणि खाचेत घट्ट होते.

पांढरे डाग प्रत्येक वेळी मिठाचेच असतात, हेही खरे नाही. गिरगाव, दादर, लालबागला पुनर्विकासाची कामे चालू आहेत आणि ओल्या सिमेंटचे पाणी तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा ओघळ वाळेपर्यंत राहिला तर ऑक्साइडचा थर विरतो आणि तो डाग कोणत्याही पॉलिशने जात नाही. ओघळ दिसताच भरपूर पाण्याने धुणे एवढाच इलाज.

स्टेनलेस कधीच गंजत नाही, हा आणखी एक समज. क्लोराइडमुळे त्यालाही बारीक खड्डे पडतात, पण ते बफने बहुधा निघतात. पितळेची भांडी उजळणारी चिंच ॲल्युमिनियमला लावू नये. टूथपेस्टने काळी पट्टी काळी होत नाही, उलट घासली जाते. बीडिंगला इंजिन ऑइल लावल्यास रबर फुगते. तिथे सिलिकोन ग्रीस वापरावे.

पट्टी परत बसवताना कडक झालेले बीडिंग बदलावे. ॲल्युमिनियम आणि पोलादी क्लिप किंवा स्क्रू यांच्यामध्ये नायलॉनची वॉशर अथवा ब्यूटाइल टेप घालावी, नाहीतर दोन धातूंच्या संपर्कात ॲल्युमिनियमच आधी खाल्ले जाते. दाराच्या तळाची पाणी निघण्याची भोके जूनपूर्वी तारेने मोकळी करावीत.