कॉफी विथ सफरचंद

कॉफीत सफरचंद? मुरडलंत ना नाक? मुरडा, पण नाक जवळच ठेवा, आत्ता घमघमाट सुटणार आहे.

2021 च्या शरद ऋतूत अमेरिकेत स्टारबक्सने 'ॲपल क्रिस्प माकियातो' नावाचं पेय मेन्यूवर आणलं. ॲपल क्रिस्प हे तिथलं घरगुती डेझर्ट : खाली दालचिनी लावलेल्या सफरचंदाच्या फोडी, वर ओट्सचा कुरकुरीत थर, आणि सगळं ओव्हनमध्ये. तेच सगळं ग्लासात उतरवलं आणि त्यात एस्प्रेसो ओतली. पुढच्याच वर्षी गाईचं दूध आउट, ओट मिल्क इन!

आपल्याला ना ओव्हन हवं, ना काउंटरसमोरची रांग. एक पातेलं, दोन सफरचंदं आणि मसाल्याचा डबा पुरे. निम्मी रेसिपी तर तुमच्या आजीला केव्हापासून येते. कशी, ते पुढे येतंच.

माहीत आहे का, या मसालेदार कॉफी-खानदानाची मोठी ताई आहे पम्पकिन स्पाइस लाटे? जन्म 2003. पण 2015 पर्यंत त्या लाटेत पम्पकिन किती होता? भोपळा! होता तो सगळा दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग यांचा खेळ. म्हणजे भोपळ्याच्या पायचा मसाला. मॅककॉर्मिक कंपनीने तो तयार डबीत विकायला आणला 1934 मध्ये. ज्या मसाल्यावर अख्खी अमेरिका दर ऑक्टोबरला लट्टू होते, तो आपल्या मांडणीवर बारमाही बसलेला असतो, आणि त्याचं कुणी कौतुक करत नाही!

बरं, सफरचंद कुठलं घ्यायचं? हिरवंगार आंबट ग्रॅनी स्मिथ नको. कारण दुधापाशी आल्यावर सांगते. लाल, गोड, साधं घ्या. फ्रिजच्या तळाशी मऊ पडलेलं, डब्यात दिलं तर मुलं परत आणतात तसलं असेल तर फर्स्ट क्लास. शिजवायचंच तर आहे!

आणि 'ताजं सफरचंद' या शब्दांवर फार भाळू नका. सफरचंदं खोलीत बंद करून तिथला ऑक्सिजन कमी केला की फळ जणू झोपी जातं आणि कित्येक महिने टिकतं. केंब्रिजच्या किड आणि वेस्ट या शास्त्रज्ञांनी 1920 च्या दशकात ही युक्ती शोधली. तुमच्या हातातलं 'फ्रेश' फळ गेल्या हंगामातलं असण्याची शक्यता भरपूर.

हिमाचलचं सफरचंद मिळालं तर त्याला एक सलाम ठोका. फिलाडेल्फियाहून आलेले सॅम्युएल स्टोक्स यांनी 1916 मध्ये कोटगढच्या डोंगरात अमेरिकन रेड डिलिशसची कलमं लावली. पुढे हा गडी स्वातंत्र्यलढ्यात उतरला, 1921 मध्ये इंग्रजांनी त्याला तुरुंगात टाकलं, आणि नंतर तो हिंदू होऊन सत्यानंद झाला. सिनेमा कसा नाही निघाला अजून?

कलमं का, बी का नाही? कारण सफरचंदाचं बी महालबाड. गोड फळाची बी पेरा, झाडाला आंबट-तुरट काहीही लागेल. आईबापांवर जाईल तर शपथ! या फळाकडे जीन्स आहेत माणसाच्या दुपटीहून जास्त, तेव्हा नखरेही दुप्पट. मूळ गाव म्हणाल तर कझाकस्तानातले तिएन शान डोंगर. तिथे रानटी सफरचंदांची आजही जंगलं आहेत.

चला, साल काढा. माहीत आहे का, एका सफरचंदाची सलग निघालेली सर्वांत लांब साल किती? 52.51 मीटर! 1976 मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका मुलीने साडेअकरा तास सोलून ती काढली. अर्ध्या फुटबॉल मैदानाएवढी! आपल्याला कॉफी आजच प्यायची आहे, तेव्हा पीलर घ्या आणि मोकळे व्हा.

बिया मात्र आठवणीने काढा. त्यांत अमिग्डलिन असतं. बी चिरडली की त्यातून सायनाइड सुटतं. चुकून एखादी अख्खी गिळली तर काही बिघडत नाही, पण मिक्सरमध्ये बियांसकट फळ फिरवायचा आळस नको. कॉफी किलर हवी, पण इतकी नाही.

आता सिरप. दोन सफरचंदं किसा, एक कप पाणी, अर्धा कप ब्राउन शुगर, दालचिनीचा बोटभर तुकडा, दोन लवंगा. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. ब्राउन शुगर नसेल तर साधी साखर, किंवा गूळ. चमचा उचलल्यावर सिरप आळसावून पडायला लागलं की गॅस बंद. फार आटवलंत तर सफरचंदातलं पेक्टिन आणि साखर मिळून सरळ जॅम होईल. मग कॉफी विसरा, पोळी आणा!

दालचिनीची पूड न घेता तुकडा का घ्यायचा? कारण पूड पाण्यात विरघळतच नाही. कॉफीवर भुरभुरलीत तर ती वर तरंगते, नाहीतर बुळबुळीत होऊन तळाशी बसते आणि शेवटच्या घोटाला घशात कुस्ती खेळते. तुकड्याने सुगंध द्यायचा आणि निघून जायचं, पाहुण्यांनी कसं वागावं तसं. कोकणवाल्यांनी कॉलर ताठ करावी : दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाचा दालचिनीचा वाणच काढला आहे.

गॅस बंद केला की जायफळ किसा. चिमूटभर! मग सिरप गाळून घ्या. पण जायफळापाशी जरा थांबू या, कारण हा छोटा गोटा म्हणजे इतिहासातला मोठा गुंड आहे.

माहीत आहे का, न्यूयॉर्कचं मॅनहॅटन आणि जायफळ यांची अदलाबदल झाली होती? इंडोनेशियातल्या बांदा बेटांपैकी रन हे एक चिमुकलं बेट, लांबी जेमतेम तीन किलोमीटर. त्यावर इंग्रजांचा दावा होता, कारण तिथे जायफळ पिकायचं. 1667 च्या ब्रेडा तहात डचांनी रन पदरात पाडून घेतलं आणि इंग्रजांकडे राहिलं न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे आजचं मॅनहॅटन. त्या काळी डचांना वाटलं, काय मस्त फसवलं! आज मॅनहॅटनमध्ये एक वन-रूम फ्लॅट घेऊन दाखवा.

या गमतीला एक काळी किनार आहे. 1621 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने जायफळाच्या मक्तेदारीसाठी बांदात अशी कत्तल केली की मूळ रहिवासी नावापुरतेच उरले.

आणि आता आजीचा नंबर! मराठी घरांत कॉफीत जायफळ कधीपासून आहे. दूध-साखरेची दाट कॉफी, वर जायफळ-वेलदोड्याची पूड, उपासाला चालते, लग्नघरात पंगतीनंतर पळते. कॅफेवाले ज्याला 'स्पाइस्ड' म्हणून वेगळे पैसे लावतात, त्याला आपल्याकडे नुसतं 'कॉफी' म्हणतात. गंमत पाहा : जायफळ गुंगी आणतं म्हणून बाळाला उगाळून चाटवायचं, आणि कॉफी झोप उडवते म्हणून परीक्षेच्या रात्री प्यायची. दोघांना एकाच कपात बसवून मराठी माणूस जागाही राहतो आणि शांतही. पण प्रमाण चिमटीतच ठेवा. जास्त जायफळ थेट डोक्यात जातं, उलट्या आणि भास होईपर्यंत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स याने आत्मचरित्रात तुरुंगात नशेसाठी जायफळ घेतल्याचं लिहून ठेवलं आहे.

पण मूळ प्रश्न उरतोच. सफरचंद आणि कॉफीचं जमतं कसं? फॅमिली ट्री पाहिलं तर नातं शून्य : सफरचंद गुलाबाच्या कुळातलं, कॉफी मंजिष्ठा आणि कदंबाच्या. केमिस्ट्री पाहा, तिथे मात्र कुंडली जुळते, छत्तीसच्या छत्तीस!

कापलेलं सफरचंद काळं पडतं ना? त्यामागचा मुख्य आरोपी क्लोरोजेनिक ॲसिड. आणि हेच ॲसिड रोजच्या आहारात सर्वांत जास्त कुठून मिळतं? कॉफीतून! दुसरा दुवा मॅलिक ॲसिडचा. शीले या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने 1785 मध्ये ते सफरचंदाच्या रसातून वेगळं केलं, आणि ते कॉफीतही असतं. तिसरा पुरावा खास नाकासाठी. बीटा-डॅमॅस्केनोन नावाचं एक सुगंधी रसायन गुलाबाच्या तेलात सापडतं, भाजलेल्या कॉफीत सापडतं, आणि सफरचंद शिजवलं की त्यातही दरवळतं. शिजवलं की, बरं का! कच्च्या फोडी कॉफीत टाकून का मजा येत नाही आणि सिरप टाकलं की का येते, त्याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

आता कॉफी. कडक हवी, नाहीतर सफरचंद तिला खाऊन टाकेल. घरात साउथ इंडियन फिल्टर असेल तर दाट डिकॉक्शन काढा. मोका पॉट असेल तर भाव खा. त्या अष्टकोनी भांड्याची कथाच न्यारी : 1933 मध्ये अल्फोन्सो बियालेत्तीच्या कारखान्यातून ते आलं, त्याच्या मुलाने, रेनातोने, ते जगभर पोहोचवलं, आणि 2016 मध्ये रेनातो गेला तेव्हा त्याच्या अस्थी मोका पॉटमध्येच ठेवल्या. ब्रँड लॉयल्टी असावी तर अशी.

काहीच नसेल तर इन्स्टंट झिंदाबाद. दोन चमचे, थोडं गरम पाणी, संपलं. ही पावडर अमेरिकेत धंदा म्हणून गाजवणाऱ्याचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन! राष्ट्राध्यक्ष नव्हे, बेल्जियममध्ये जन्मलेला एक उद्योजक. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिक त्याचीच कॉफी ढोसत होते. आणि सोय नाही म्हणून कुरकुरत असाल तर ऐका : 2015 च्या मे महिन्यात इटलीच्या सामंता क्रिस्तोफोरेत्तीने अंतराळ स्थानकात ताजी एस्प्रेसो काढून प्यायली. तेही गुरुत्वाकर्षण जाणवत नसताना.

गुरुत्वाकर्षण म्हटलं की न्यूटन आणि सफरचंद आलंच. त्याच्या झाडाचा एक तुकडा 2010 मध्ये स्पेस शटलमधून वर जाऊन आला. आणि त्याच झाडाची कलमं आपल्या पुण्यात, आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातही लावली होती! असो, कॉफी निवतेय.

दूध! ग्रॅनी स्मिथला का हाकललं ते आता. दुधाचा पीएच 4.6 च्या आसपास उतरला की केसीन गोळा होतं, म्हणजे दूध फाटतं. कॉफी साधारण 5 वर असते, सफरचंदाचा रस 4 च्याही खाली. दोघं मिळून दुधावर तुटून पडले की कपात पनीर! म्हणून रस नाही, सिरप. तेही कपाला दोनच चमचे, गोड फळाचं, आणि दूध उकळतं नको, नुसतं वाफाळतं.

फेसासाठी मशीन नाही? ताकाची रवी आहे ना! उंच भांड्यात दूध घ्या, रवी दोन तळव्यांत धरून मिनिटभर गरगरा फिरवा. फेस असा येईल की शेजारचा बरिस्ता नोकरी मागायला येईल.

जोडणी अशी : मगात दोन चमचे सिरप, त्यावर अर्धा-पाऊण कप फेसाळ दूध, मग कॉफीची बारीक धार सावकाश मधोमध. दुधावर तपकिरी डाग उमटला की झाला माकियातो. वरून सिरपच्या दोन रेघा मारा. फोटो काढणार असाल तर आधी काढा, फेस थांबत नाही. उन्हाळ्यात हेच सगळं बर्फावर, फक्त दूध गार.

उरलेलं सिरप बाटलीत भरून फ्रिजमध्ये, आठवडाभरात संपवा. आणि चाळणीत राहिलेला तो दालचिनी प्यायलेला कीस? दालचिनीचा तुकडा आणि लवंगा वेचून बाजूला काढा, रवा तुपावर भाजा. शिऱ्याला काय लागतं ते तुम्हाला माहीत आहेच!