गाडीचा किरकोळ धक्का : मग काय करावे?



हैदराबादच्या गौलीगुडा भागात गर्दी मोठी. एका बाजूस बेगमबाजार, दुसऱ्या बाजूस महात्मा गांधी बसस्थानक. मध्ये रिक्षा, हातगाड्या आणि पायी माणसे. अशा ठिकाणी आपल्या जीपचा एखाद्या सायकलवाल्यास धक्का लागतो. तो उठतो, कपडे झटकतो आणि म्हणतो, "काही झाले नाही." आपणही सुटलो म्हणून पुढे जातो. येथेच चूक होते, असे आम्हांस वाटते.

गाडी थांबवून प्रथम माणसाकडे पाहावे. रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडक्याने जखम दाबून धरावी. मान किंवा पाठ दुखत असेल तर त्यास हलवू नये. १०८ क्रमांकास फोन करावा. ही सेवा २००५ साली हैदराबादेतच सुरू झाली. अफजलगंजचे उस्मानिया रुग्णालयही जवळच आहे.

डोक्यास मार लागला असेल तर विशेष जपावे. आतला रक्तस्राव कधीकधी हळूहळू वाढतो. उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा बोलण्यात गोंधळ दिसताच रुग्णास इस्पितळात न्यावे. निदान २४ तास त्यास एकटे ठेवू नये.

खरचटलेली जागा साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. माती, शेण, तंबाखू लावू नये. धुळीतून धनुर्वाताचे जंतू शिरतात. म्हणून इंजेक्शनाविषयी डॉक्टरांस विचारावे.

आता कायद्याचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीस औषधोपचार मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. जागेवर पोलीस नसेल तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, खबर द्यावी. विमा कंपनीसही लेखी कळवावे. हातावर पैसे ठेवून ही जबाबदारी संपत नाही.

निघण्यापूर्वी दोन्ही गाड्यांचे क्रमांक, नावे, पत्ते, वेळ आणि साक्षीदार लिहून घ्यावेत, छायाचित्रेही काढावीत. वाटसरूंनीही भिऊ नये. सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास कलम १३४-अ चे संरक्षण आहे. आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही.

आपल्या जीपच्या, तसेच रस्त्यावर नेण्याच्या ट्रॅक्टरच्या विम्याची मुदत आजच पाहून ठेवा. आणि "काही झाले नाही" म्हणणाऱ्या त्या माणसाची दुसऱ्या दिवशी एकदा चौकशी अवश्य करा.