काळ्या दगडातले रंग

सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, काचपट्टीवर चिकटवून ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासत आणला की त्यातून उजेड आरपार जातो. भूशास्त्र शिकवताना मी मुलांना आधी हाच काप दाखवते. साध्या उजेडात तो फिकट, करडा दिसतो. मग सूक्ष्मदर्शकात कापाच्या खाली एक आणि वर एक ध्रुवक येतो, दोन्ही एकमेकांशी काटकोनात. खालचा प्रकाशाची एकाच दिशेची कंपनं पुढे सोडतो, वरचा नेमकी तीच अडवतो. मधे काही नसेल तर मिट्ट काळोख.

पण मधे स्फटिक असला, की बहुतेकदा तो प्रकाशाचे वेगवेगळ्या गतीचे दोन किरण करतो आणि वरच्या ध्रुवकातून रंग बाहेर पडतात. बेसॉल्टमधलं ऑगाइट हे खनिज पिवळं, नारिंगी, निळं. प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या कांड्यांवर काळे-पांढरे पट्टे. काप ठेवलेली तबकडी फिरवा, पट्टे आपसांत रंग बदलतात. मला हे दृश्य अजूनही सोडवत नाही.

लोणारच्या विवरातल्या काही दगडांत याच कांड्या आकाराने शाबूत असतात, पण ध्रुवकांमध्ये काळ्याच राहतात. उल्काघाताच्या दाबाने त्यांची आतली रचना मोडून काच झाली. तिला मॅस्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखी असं करू शकत नाही. लोणार उल्केनेच घडवलं, याचा हा भक्कम पुरावा.

शाळेतल्या शिक्षकांनी साध्या सूक्ष्मदर्शकाला ध्रुवक फिल्मचे दोन तुकडे लावून साखर आणि मीठ मुलांना जरूर दाखवावं. साखर उजळते, मीठ काळंच राहतं.