निवृत्तिनिधी प्रशासक

नोकरदारांच्या निवृत्तीनंतरच्या उपजीविकेसाठी मालकाने उभारलेल्या निधीचे हिशेब ठेवणारी, त्यातून देय रकमा देणारी आणि तत्संबंधीच्या कायदेशीर अटींची पूर्तता करणारी व्यक्ती अथवा संस्था. अशा संस्थांची परस्परांशी तुलना करून त्यांतून योग्य ती निवडणे, हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विशेष विकसित झाले आहे. त्यामुळे येथे मुख्यत्वे त्या देशातील पद्धतीचा विचार केला आहे.

इतिहास : अमेरिकेत खाजगी उद्योगातील पहिली निवृत्तिवेतन योजना अमेरिकन एक्सप्रेस कंपनीने १८७५ मध्ये सुरू केली. त्यानंतर दीर्घकाळ अशा योजनांचे व्यवस्थापन बव्हंशी मालकाच्या मर्जीवर अवलंबून होते. त्यातील धोका स्टूडबेकर या मोटार कंपनीच्या उदाहरणाने उघड झाला. कंपनीने डिसेंबर १९६३ मध्ये इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील कारखाना बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा निधीतील रक्कम सर्वांना पुरेल इतकी नव्हती. निवृत्त झालेल्यांना व साठी गाठलेल्या कामगारांना पूर्ण हक्क मिळाले. परंतु हक्क प्राप्त झालेल्या सु. ४,००० तरुणतर कामगारांच्या हाती देय रकमेच्या केवळ १५ टक्क्यांच्या आसपास रक्कम पडली आणि उरलेल्यांना काहीच मिळाले नाही. यातून निर्माण झालेल्या जनमताची परिणती ‘एरिसा’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९७४ च्या अधिनियमात झाली. निधीचा कारभार केवळ सभासदांच्या हितासाठी आणि जाणकार व्यक्तीच्या दक्षतेने चालविला पाहिजे, असे बंधन या अधिनियमाने घातले.

१९७८ च्या महसूल अधिनियमाने प्राप्तिकर संहितेत ४०१ (के) हे कलम घातले. त्याच्या आधारे कामगाराच्या वेतनातून वैयक्तिक खात्यात अंशदान जमा करण्याची पद्धत १९८० नंतर झपाट्याने पसरली. ठराविक निवृत्तिवेतनाच्या योजनेत तूट आल्यास ती प्रथमतः मालकाला भरून काढावी लागते. वैयक्तिक खात्याच्या योजनेत मात्र प्रशासनावरील खर्चाचा भार बहुधा कामगाराच्याच शिलकीवर पडतो. निवड मालकाने करायची आणि तिचे परिणाम कामगाराने भोगायचे, हे या व्यवस्थेचे मूळ वैशिष्ट्य होय.

कार्यविभागणी : ‘प्रशासक’ या शब्दाने व्यवहारात अनेक भूमिका सूचित होतात. ‘रेकॉर्डकीपर’ ही संस्था प्रत्येक सभासदाच्या खात्याची नोंद ठेवते. अभिरक्षक प्रत्यक्ष मत्ता सांभाळतो. ‘त्रयस्थ प्रशासक’ योजनेची नियमावली तयार करतो, उच्च वेतनाच्या अधिकाऱ्यांना झुकते माप मिळत नाही ना याच्या वार्षिक चाचण्या घेतो आणि ‘फॉर्म ५५००’ हे विवरणपत्र तयार करतो. गुंतवणूक सल्लागार योग्य त्या निधींची शिफारस करतो. एकच कंपनी यांपैकी अनेक कामे करू शकते. तथापि योजनेच्या दस्तऐवजात अन्य कोणाचे नाव नसल्यास कायद्याच्या दृष्टीने मालकच प्रशासक ठरतो. बाहेरच्या संस्थेला काम सोपविल्याने त्याची जबाबदारी संपत नाही; तिची निवड करणे व तिच्यावर देखरेख ठेवणे ही कर्तव्ये त्याच्याकडेच राहतात. म्हणून कोणते काम कोणाकडे आणि कोणते दायित्व लेखी स्वीकारलेले आहे, हे पाहणे ही तुलनेची पहिली पायरी ठरते.

तुलनेचे निकष : (१) शुल्क : शुल्क दरडोई, मत्तेच्या टक्केवारीने किंवा गुंतवणूक निधींच्या खर्चातून परस्पर वळते करून घेतले जाते. समजा, १०० सभासदांच्या योजनेत ५० लक्ष डॉलर जमा आहेत. दरसाल ०·४ टक्के दराने शुल्क २०,००० डॉलर, म्हणजे दरडोई २०० डॉलर होते. मत्ता दुप्पट झाली की शुल्कही दुप्पट होते. नोंदी ठेवण्याचे काम मात्र तेवढेच राहते. शुल्कातील लहानसा फरकही दीर्घकाळात मोठा ठरतो. अमेरिकी श्रम खात्याने दिलेल्या उदाहरणानुसार २५,००० डॉलरची शिल्लक ३५ वर्षांत ७ टक्के परताव्याने वाढली आणि खर्च अर्धा टक्का असला, तर २,२७,००० डॉलर होतात. खर्च दीड टक्का असल्यास १,६३,००० डॉलरच होतात. म्हणजेच एका टक्क्याच्या फरकाने शिल्लक २८ टक्क्यांनी घटते. १ जुलै २०१२ पासून सेवासंस्थांना आपला प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मोबदला मालकाला लेखी कळविणे बंधनकारक झाले.

(२) अचूकता व तत्परता : वेतनातून कापलेले अंशदान वेळेवर जमा होणे, चाचण्यांत चूक झाल्यास तिची भरपाई कोणी करावयाची याची स्पष्ट तरतूद असणे आणि सभासदांच्या माहितीची सुरक्षितता या बाबी शुल्काइतक्याच महत्त्वाच्या असतात.

(३) हितसंबंध : नोंदी ठेवणारी संस्था स्वतःचेच गुंतवणूक निधी विकत असल्यास नोंदणीचे शुल्क कमी दिसते, परंतु ते निधींच्या खर्चातून वसूल होऊ शकते. म्हणून एकूण खर्चाचीच तुलना करणे इष्ट ठरते.

(४) संबंधविच्छेदाच्या अटी : करार संपल्यावर नोंदी कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत परत मिळतील आणि त्यासाठी काही आकार द्यावा लागेल काय, हे आरंभीच ठरविणे आवश्यक असते.

प्रशासकबदल : नोंदी एका संस्थेकडून दुसरीकडे नेताना खात्यांतील व्यवहार काही काळ स्थगित ठेवावे लागतात. एन्रॉन कंपनीने २००१ च्या ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये प्रशासक बदलला, तेव्हा शेअरची किंमत कोसळत असताना सभासदांना आपल्या खात्यातील कंपनीचे शेअर विकता आले नाहीत. त्यानंतर २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली अधिनियमाने अशा स्थगितीची सर्वसाधारणपणे ३० दिवस आधी सूचना देणे आवश्यक केले.

न्यायनिर्णय व नवे प्रकार : कायदा सर्वांत स्वस्त संस्था निवडण्यास सांगत नाही, शुल्क सेवेच्या मानाने वाजवी असावे आणि निर्णयाची प्रक्रिया विचारपूर्वक असावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. म्हणून अनेक संस्थांकडून लेखी प्रस्ताव मागविणे व निवडीची कारणे नोंदवून ठेवणे ही प्रथा रूढ झाली. निवड एकदाच करून भागत नाही, गुंतवणुकींवर सतत देखरेख ठेवली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने टिबल विरुद्ध एडिसन इंटरनॅशनल (२०१५) या खटल्यात सांगितले. लहान मालकांना हा भार पेलत नसल्यामुळे २०१९ च्या ‘सिक्युअर’ अधिनियमाने परस्परांशी संबंध नसलेल्या मालकांनाही १ जानेवारी २०२१ पासून एकाच सामुदायिक योजनेत सहभागी होण्याची मुभा दिली.

भारतातील स्थिती : भारतात १९५२ च्या कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायद्याने प्रशासन प्रामुख्याने वैधानिक संघटनेकडे सोपविले, मात्र काही आस्थापनांना सूट देऊन स्वतःचा न्यास चालविण्याची परवानगी दिली. अशा न्यासाने सभासदांना वैधानिक दरापेक्षा कमी व्याज देऊ नये आणि तूट आल्यास ती मालकाने भरावी, अशी अट त्यास असते. त्यामुळे अमेरिकेत तुलनेचा भर शुल्कावर, तर भारतात न्यास चालविण्याची जोखीम व खर्च मालकाला परवडतो की नाही यावर राहिला आहे. दोन्ही ठिकाणी कसोटी एकच होय : निवृत्तीच्या दिवशी कामगाराची रक्कम पूर्ण, अचूक व विनाविलंब त्याच्या हाती पडली पाहिजे.