डिकेटरचा वास आणि दाणाबंदरची चिठ्ठी

माझी मुलगी अमेरिकेत, इलिनॉय राज्यातील अर्बाना या गावी राहते. गेल्या दिवाळीला आम्ही उभयता तिच्याकडे होतो. वसुबारसेच्या आदल्या दिवशी जावई म्हणाले, "बाबा, चला, तुम्हांला डिकेटर दाखवून आणतो. जन्मभर धान्याच्या बाजारात काढलीत. तुमच्या धंद्याची पंढरीच आहे ती!"

तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना मका कापून मोकळी झालेली काळी जमीन, थेट क्षितिजापर्यंत. आणि गाव दिसायच्या आधी मोटारीत शिरला तो वास! भिजवलेल्या धान्याचा, जरासा आंबूस, जरासा करपलेल्या पेंडीचा. मुलीने नाकाला रुमाल लावला. मला मात्र, खोटे कशाला सांगू, गहिवरून आले. मशीद बंदराला उतरून दाणाबंदराकडे वळले की असाच काहीसा वास यायचा. पंचवीस वर्षे मी तिथे एका पेढीवर कारकून होतो.

डिकेटर हे आर्चर डॅनिएल्स मिडलँड या कंपनीचे गाव. मुख्य कचेरी २०१४ साली शिकागोला गेली, पण कारखाने अजून तिथेच आहेत. मका आणि सोयाबीन आत जाते. तेल, पेंड, साखरेचा पाक, मद्यार्क आणि नाना प्रकारची द्रव्ये बाहेर पडतात. 'जगाचे सुपरमार्केट' असे ही कंपनी एके काळी स्वतःला म्हणवून घेत असे. त्या द्रव्यांपैकी एकाची हकीकत जावयांनी परतताना सांगायला सुरुवात केली, आणि ती ऐकून माझी झोप उडाली.

द्रव्याचे नाव लायसीन. घाबरू नका, रसायनशास्त्र सांगत बसत नाही! आपण नुसता भात खात नाही, त्यावर वरण घेतो. का? तर भातात जे एक पोषक द्रव्य कमी असते, ते डाळीत भरपूर असते. तेच हे लायसीन. मक्यावर पोसलेल्या डुकरांना आणि कोंबड्यांनाही ते कमी पडते, म्हणून त्यांच्या खाद्यात त्याची भुकटी मिसळतात. थोडक्यात, हे त्यांचे वरण!

हे वरण पूर्वी जपानी आणि कोरियन कंपन्याच विकत. १९९१ साली डिकेटरच्या कंपनीने प्रचंड कारखाना काढून त्यात उडी घेतली. मग व्हायचे तेच झाले. स्पर्धा लागली आणि पौंडाला सव्वा डॉलरच्या आसपास असलेला भाव साठ-सत्तर सेंटांवर आला. शेतकऱ्यांची चंगळ झाली, पण पेढ्यांच्या पोटात गोळा उठला. १९९२ च्या जून महिन्यात मेक्सिको शहरातल्या एका हॉटेलात ही मंडळी जमली आणि भाव ठरवून मोकळी झाली. पुढे कोणी किती माल विकायचा हेही ठरले. महिन्याच्या महिन्याला विक्रीचे आकडे एकमेकांना कळवायचे. वर्षअखेरीस ज्याने वाट्यापेक्षा जास्त विकले, त्याने कमी विकणाऱ्याकडून माल उचलायचा. कोणी विचारलेच, तर दाखवायला उत्पादकांची एक संघटना होती आणि तिची खोटी कार्यक्रमपत्रिकाही!

हे उघडकीस आले कसे, हा भाग कादंबरीवाल्यालाही सुचला नसता. त्या खात्याचा प्रमुख मार्क व्हिटेकर हा पस्तिशीचा, शास्त्र शिकलेला, हुशार माणूस. कारखान्यात लायसीन नीट उतरेना, तेव्हा त्याने वरिष्ठांना सांगितले की, जपानी प्रतिस्पर्ध्याने घातपात केला आहे आणि घातपात करणाऱ्याचे नाव कळवण्यासाठी एक कोटी डॉलर मागितले जात आहेत. ही थाप होती. पण वरिष्ठांना ती खरी वाटली, आणि कंपनीने आपण होऊन एफ. बी. आय. ला, म्हणजे तिथल्या केंद्रीय गुप्त पोलिसांना, घरात बोलावले!

पोलीस आले, तेव्हा व्हिटेकरची बायको जिंजर हिच्या जिवाला चैन पडेना. नवऱ्याचा खरा उद्योग तिला कळला होता. ती म्हणाली, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. आणि १९९२ च्या नोव्हेंबरात एका रात्री, स्वतःच्या दारात उभ्या असलेल्या पोलिसाच्या मोटारीत बसून व्हिटेकरने भाव ठरवण्याची सगळी कहाणी ओकून टाकली.

पुढची अडीच वर्षे तो अंगावर ध्वनिमुद्रक बांधून कचेरीत जात होता. परगावच्या बैठकांत दिव्याच्या आत कॅमेरा दडवलेला असे. त्या फिती पुढे कोर्टात दाखवल्या गेल्या, आणि आज कोणालाही पाहता येतात. त्या रात्री जावयांनी संगणकावर एक लावून दाखवली.

१९९५ च्या जानेवारीतली, अ‍ॅटलांटाच्या हॉटेलातली ती बैठक. कोट-टाय घातलेली सभ्य माणसे. काही खुर्च्या रिकाम्या आहेत. त्या कोणाच्या, यावर थट्टा चालली आहे: ही टायसनची, ही कॉनअ‍ॅग्राची (हे दोघे मोठे गिऱ्हाईक), आणि ही एफ. बी. आय. ची! सगळे खदखदून हसतात. कॅमेरा चालूच आहे.

जावईही हसले. मला हसू आले नाही. ते हसणे माझ्या ओळखीचे होते.

या कंपनीत एक वचन प्रचलित होते, तेही फितीत सापडले: प्रतिस्पर्धी हा आपला मित्र आणि गिऱ्हाईक हा शत्रू. एवढा निर्ढावलेपणा येतो कुठून? तो वरून येतो. कंपनीचे सर्वेसर्वा होते ड्वेन अ‍ॅन्ड्रियास. दोन्ही पक्षांना सढळ हाताने देणग्या देणारा गृहस्थ. उपाध्यक्ष असलेल्या त्यांच्या मुलाचे, मायकेलचे, धर्मपिता कोण, तर अमेरिकेचे एके काळचे उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री. हम्फ्री डेमोक्रॅट, पण १९७२ साली रिपब्लिकन निक्सन यांच्या निवडणुकीसाठीही अ‍ॅन्ड्रियास यांनी २५,००० डॉलर दिले, आणि तेच पैसे वॉटरगेटच्या एका घरफोड्याच्या खात्यात निघाले! मक्याच्या मद्यार्काला सरकारी करसवलत होती. बाहेरच्या साखरेवर बंधने असल्याने देशातली साखर महाग राही आणि मक्याचा पाक खपे. खुला बाजार फक्त पुढाऱ्यांच्या भाषणांत सापडतो, असे अ‍ॅन्ड्रियास यांनी १९९५ साली एका मुलाखतीत बेधडक सांगितले होते. माणूस निदान खरे बोलला.

१९९५ च्या २७ जूनला कचेरीवर धाड पडली. १९९६ साली कंपनीने गुन्हा कबूल करून दहा कोटी डॉलर दंड भरला. तोपर्यंत अशा गुन्ह्यात एवढा दंड तिथे कोणी भरला नव्हता. जपानी-कोरियन कंपन्यांनीही कबुली दिली. मायकेल अ‍ॅन्ड्रियास दोषी ठरला. त्याची दोन वर्षांची शिक्षा वरच्या कोर्टाने तीन वर्षांची केली. वडिलांवर खटला झाला नाही. ते २०१६ साली, ९८ व्या वर्षी वारले.

आणि व्हिटेकर? इथे मन दोलायमान होते. ज्या काळात तो पोलिसांसाठी फिती भरत होता, त्याच काळात खोट्या बिलांनी कंपनीचे नव्वद लाखांहून अधिक डॉलर स्वतःच्या खात्यात वळवत होता! पोलिसांनाही त्याचा पत्ता नव्हता. मालकाला तीन वर्षे, आणि चोरी व भाव ठरवणे मिळून चुगली करणाऱ्याला दहा वर्षांवर. डोक्यावर परिणाम झाला, आत्महत्येचा प्रयत्न झाला. २००६ च्या डिसेंबरात तो सुटला. ज्यांच्यासाठी त्याने फिती भरल्या, त्या अधिकाऱ्यांपैकी काहींनी पुढे त्याला माफी मिळावी म्हणून शब्द टाकला. जिंजरने त्याला सोडले नाही. २००९ साली या प्रकरणावर सिनेमा निघाला, तोही विनोदी! मला विचाराल तर तो चोर होता आणि त्याने सांगितले ते खरे होते. या दोन गोष्टी एका माणसात राहू शकतात, हे पेढीवर बसलेल्याला तरी शिकवावे लागत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो.

१९७३ साल. महागाईने कहर केला होता. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. आमचे नुकतेच लग्न झालेले. हीदेखील चाळीतल्या बायकांबरोबर मोर्चाला गेली. आणि त्याच दिवाळीच्या तोंडावर शेठनी मला आत बोलावून चार चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. हरभराडाळ अमुक भावाखाली द्यायची नाही, एवढाच मजकूर. खाली सही नाही, वर नाव नाही. चार पेढ्यांवर मीच नेऊन दिल्या. एका पेढीवर चिठ्ठी वाचून शेठ हसले. अगदी त्या अ‍ॅटलांटाच्या हॉटेलातल्यासारखे. मला चहा पाजला.

घरी आलो तर ही लाटणे पुसून जागेवर ठेवत होती. "आज काय झाले पेढीवर?" तिने विचारले. मी म्हणालो, "काही नाही."

परवा अर्बानाच्या स्वयंपाकघरात ती बेसन भाजत होती. मी शेजारी उभा राहिलो आणि एकावन्न वर्षांनी सारे सांगितले. तिने गॅस बारीक केला.

"क्विंटलला किती चढवला होता?"

"पंचवीस रुपये."

"म्हणजे किलोला चार आणे." ती थोडा वेळ कढईत उलथणे फिरवत राहिली. "तरीच. त्या वर्षी लाडू मी लहान वळले होते. तुम्ही विचारलेही होते, एवढे लहान का म्हणून."