वेळ विकणारं कपाट

अमेरिकेत व्हिडिओ गेमची जुनी, मोठाली यंत्रं विकत घेऊन घरात मांडणाऱ्या हौशी लोकांचा एक वर्ग आहे. माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट, त्यात बसवलेला पिक्चर ट्यूबचा पडदा, पडद्याखाली जॉयस्टिक आणि बटणं, आणि त्याही खाली नाणं टाकायची फट. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्यांनी शाळा बुडवली असेल त्यांना हे वर्णन अनोळखी वाटणार नाही. तिकडे या पार्लरला ‘आर्केड’ म्हणतात आणि या कपाटाला ‘कॅबिनेट’.

ही हौस तशी समजण्यासारखी आहे. पॅक-मॅन किंवा डाँकी काँग हे खेळ जन्मलेच पार्लरमध्ये. तो खेळ मूळ रूपात हवा, तर मूळ कपाट घ्यायला हवं. जुना ग्रामोफोन जपणाऱ्या माणसाला आपण वेडा म्हणत नाही, त्यातलाच हा प्रकार. पण याच संग्राहकांमध्ये काही जण एक वेगळीच वस्तू शोधत फिरतात. त्यांना जे कपाट हवं असतं, त्यातले खेळ मुळात घरच्या टीव्हीसाठी बनवलेले असतात. जो खेळ तळहाताएवढ्या कॅसेटमध्ये मिळतो आणि दिवाणखान्यात पाय पसरून खेळता येतो, तोच खेळ खेळण्यासाठी ही मंडळी दोन-तीन माणसांनी मिळून उचलावं असं धूड घरात आणतात. वीज खाणारं, जागा अडवणारं आणि हमखास बिघडणारं. हे कशासाठी?

यातलं सर्वांत प्रसिद्ध यंत्र म्हणजे निन्टेंडो कंपनीचं ‘प्लेचॉइस-१०’. ते १९८६ साली अमेरिकेत आलं. पण त्याची गोष्ट थोडी आधी सुरू होते.

१९८३ हे वर्ष व्हिडिओ गेमच्या धंद्यात दोन टोकांचं ठरलं. जपानमध्ये त्या वर्षीच्या जुलैत निन्टेंडोनं ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचं घरगुती यंत्र बाजारात आणलं. लोक लाडानं त्याला फॅमिकॉम म्हणत. मासायुकी उएमुरा हे त्याचे रचनाकार. तिकडे जपानी मुलं या लाल-पांढऱ्या डब्यावर तुटून पडत असताना अमेरिकेत मात्र घरगुती व्हिडिओ गेमचा बाजार साफ कोसळत होता. दुकानांत निकृष्ट खेळांचा खच पडला होता. अटारी कंपनीनं तर न विकलेला माल न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, अलामोगोर्डो गावाजवळ खड्डा खणून पुरला. अनेकांना ही दंतकथा वाटायची. २०१४ साली तिथे उकरलं, तेव्हा कॅसेटी खरोखरच निघाल्या.

अशा काळात अमेरिकन दुकानदाराला ‘हे घ्या नवं घरगुती यंत्र’ म्हणून सांगायला जाणं म्हणजे दुष्काळात बियाणं विकण्यासारखं. निन्टेंडोनं वेगळी वाट धरली. घरगुती यंत्रावरचा विश्वास उडाला असला तरी पार्लर चालू होते. १९८४ साली कंपनीनं फॅमिकॉमचेच अवयव पार्लरच्या कपाटात घातले आणि त्या मालिकेला ‘व्हीएस. सिस्टीम’ असं नाव दिलं. लोक नाणी टाकून जे खेळत होते, ते नकळत उद्या घरी येणाऱ्या यंत्राची चव घेत होते. १९८५ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये आणि पुढच्या वर्षी देशभर ते घरगुती यंत्र ‘एनईएस’ या नावानं विक्रीला आलं. प्लेचॉइस-१० आलं ते याच घाईगर्दीत.

व्हीएस. मालिकेतले खेळ पार्लरसाठी थोडेफार बदललेले असत. त्यातला मारिओ घरच्या मारिओपेक्षा अवघड होता, कारण खेळणारा लवकर मरायला हवा. पार्लरच्या धंद्याचं गणितच तसं असतं. एका नाण्यावर कोणी पट्टीचा खेळाडू तासभर यंत्र अडवून बसला, तर मालकानं खायचं काय? म्हणून पार्लरचे खेळ छोटे, चढत्या वेगाचे आणि निर्दय असत. घरचे खेळ नेमके उलटे. माणसानं पैसे मोजून कॅसेट घेतली आहे, तर ती महिनाभर पुरली पाहिजे. त्यात भटकायला वाटा हव्यात, लपलेल्या खोल्या हव्यात.

मग असा लांबलचक घरगुती खेळ काही न बदलता पार्लरमध्ये कसा चालवायचा? प्लेचॉइस-१० चं उत्तर मला फार सुंदर वाटतं. त्यांनी जीव विकणं बंद केलं आणि वेळ विकायला सुरुवात केली. क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं टाकलं की काही मिनिटं मिळत. एका नाण्याला किती सेकंद द्यायचे ते पार्लरचा मालक यंत्रातल्या छोट्या खटक्यांनी ठरवून ठेवी. त्या वेळात तुम्ही दहा वेळा मरा, नाही तर एकदाही मरू नका. कंटाळा आला तर मध्येच खेळ बदला. उरलेला वेळ तुमचाच. यंत्रात एका वेळी दहा खेळ बसत, नावातला दहाचा आकडा त्यावरूनच आलेला. वेळ संपत आली की आणखी एक नाणं टाकायचं, नाही तर मारिओ हवेत उडी मारलेल्या अवस्थेतच निरोप घेई.

आता याचा परिणाम पाहा. ‘मेट्रॉइड’ नावाचा एक खेळ या यंत्रावर होता. एका परग्रहाच्या पोटातल्या बोगद्यांत तासन्‌तास वाट शोधत हिंडायचं, असा तो खेळ. घरी तो शांतपणे खेळायचा. इथे डोक्यावर सेकंदांचा आकडा घटत चाललेला! मी कवी माणूस, त्यामुळे मला लगेच मुशायरा आठवतो. तीच गझल पुस्तकात वाचताना आपण एका शेरावर दहा मिनिटं थांबू शकतो, मागं जाऊ शकतो. मुशायऱ्यात शेर एकदा, फार तर दोनदा कानावरून जातो; शेजारचा दाद देतो आणि पुढचा शायर आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेला असतो. शब्द एकच, मात्रा एकच. तरी ज्यानं दोन्ही अनुभवलंय तो या दोन गोष्टींना एक म्हणणार नाही. प्लेचॉइस-१० घेणारा संग्राहक घरच्या खेळाची दुसरी प्रत घेत नाही. तोच खेळ लोकांच्या गर्दीत, उसन्या वेळात खेळण्याचा जो प्रकार होता, तो विकत घेतो. म्हणूनच पुष्कळ जण नाण्यांची यंत्रणा मुद्दाम चालू ठेवतात. स्वतःच्याच यंत्रात स्वतःचंच नाणं टाकायचं, पेटी भरली की उघडून तीच नाणी पुन्हा वापरायची.

या कपाटाचं दुसरं आकर्षण म्हणजे त्याचे दोन पडदे. एकपडदी नमुनाही निघाला होता, पण संग्राहकांचा जीव जडतो तो दोनपडदी नमुन्यावर. खालच्या मोठ्या पडद्यावर खेळ, वरच्या छोट्या पडद्यावर खेळांची यादी, उरलेला वेळ आणि निवडलेल्या खेळाच्या सूचना: कोणतं बटण काय करतं, शत्रू कोण, युक्ती कोणती. हा वरचा मजकूर घरच्या कॅसेटमध्ये कुठेच नाही. तो खास या यंत्रासाठी लिहून प्रत्येक खेळाच्या पट्टीवर वेगळ्या चिपमध्ये साठवलेला असे. आवडत्या कवीच्या संग्रहाची अशी प्रत हाती लागावी जिच्या समासात प्रकाशकानं स्वतःच्या टिपा छापल्यात, आणि त्या दुसऱ्या कुठल्याच आवृत्तीत नाहीत, तसं हे झालं.

तिसरं कारण चित्राचं, आणि इथेच खरा तिढा आहे.

घरच्या एनईएसमध्ये चित्र तयार करणारी जी चिप होती, ती रंग आणि प्रकाश यांचा काला करून तो एकाच तारेतून टीव्हीकडे पाठवत असे. टीव्ही तो काला पुन्हा वेगळा करायचा, पण त्यात कडा पुसट होत, रंग एकमेकांत झिरपत. प्लेचॉइस-१० मध्ये तशीच पण वेगळी चिप होती. ती लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग तीन वेगळ्या तारांतून थेट पडद्याकडे पाठवी. त्यामुळे चित्र रेखीव दिसे. रंगांच्या छटाही किंचित वेगळ्या, अधिक गडद. लहानपणी घरी धूसर टीव्हीवर पाहिलेला मारिओ इथे नुकतं न्हाऊन आल्यासारखा दिसतो.

ही गोष्ट चित्राच्या शौकिनांच्या लक्षात आली तेव्हा या कपाटांवर संक्रांत आली. घरचं यंत्र उघडायचं, त्यातली मूळ चिप काढायची आणि तिच्या जागी प्लेचॉइस-१० मधली चिप बसवायची, असा उद्योग सुरू झाला. ही चिप कोणी नव्यानं बनवत नव्हतं. म्हणजे एक घरचं यंत्र सजवायला पार्लरचं एक यंत्र आंधळं करावं लागे. चिप निघाली की उरलेली पट्टी निकामी. आणि पट्टी निकामी झाली की कपाट म्हणजे नुसतं लाकूड.

गंमत म्हणा की शोकांतिका, पण दोन्हीकडचे लोक त्याच खेळांवर प्रेम करणारे होते. एकाला शुद्ध चित्र हवं होतं, दुसऱ्याला अख्खी वस्तू. चित्रवाल्यांची बाजू अगदीच टाकाऊ होती असंही नाही. पार्लर बंद पडत होते, कपाटं गोदामांत सडत होती. त्याआधी पार्लरवाल्यांनीही ती काही देवघरात ठेवली नव्हती. नवा खेळ आला की जुन्याचे अवयव काढून टाकायचे, बाजूंवरून रंगाचा हात फिरवायचा आणि त्याच लाकडात नवा माल भरायचा, हाच त्या धंद्याचा रिवाज होता. तरीही मला विचाराल तर मी कपाटवाल्यांच्या बाजूचा. चित्र सुधारायला दुसरे मार्ग निघू शकत होते, आणि ते निघालेही. गेल्या दशकात काही कसबी तंत्रज्ञांनी घरच्या यंत्रात बसणाऱ्या नव्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्या तयार केल्या. त्यांनी तितकंच रेखीव चित्र मिळतं. मोडलेलं कपाट मात्र कोणी नव्यानं घडवून देत नाही.

दुसरी अडचण पिक्चर ट्यूबची. हे खेळ तिच्यासाठीच आखलेले होते. आजच्या सपाट पडद्यावर त्यांचे चौकोनी ठिपके बोचतात. ट्यूबवर त्यांच्या कडा मऊ होतात. शिवाय हातात बंदूक धरून पडद्यावरची बदकं टिपायचा ‘डक हंट’ हा खेळ ट्यूबशिवाय चालतच नाही. बंदूक ट्यूबवर झळकणारा उजेड नेमक्या क्षणी ओळखते, आणि सपाट पडदा ते चित्र किंचित उशिरा दाखवतो. पण अशा नव्या ट्यूब आता बाजारात येत नाहीत. जुनी दुरुस्त करायची तर जाणकार हवा, कारण यंत्र बंद केल्यावरही तिच्यात हजारो व्होल्टचा दाब साठून राहू शकतो. आपल्याकडे गल्लीतला टीव्ही दुरुस्त करणारा हे सहज करायचा. तिकडे काय किंवा इकडे काय, ही विद्या येणारे हात कमी होत चाललेत.

या सगळ्यात एक साधं, व्यवहारी कारणही आहे. हौस कितीही असली तरी घर केवढं असतं? दहा खेळ हवेत म्हणून दहा कपाटं ठेवायची म्हटली तर मोटार बाहेर रस्त्यावर लावावी लागते. इथे एकाच कपाटात दहा खेळ मावतात, आणि पट्ट्या बदलल्या की वेगळे दहा. या यंत्रासाठी असे पन्नासेक खेळ निघाले होते. त्यामुळे पट्ट्या गोळा करण्याचा एक उपशौकही लागतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ ची पट्टी विशेष मानाची. अमेरिकेत तो खेळ घरच्या यंत्रासाठी १९९० मध्ये विक्रीला आला. प्लेचॉइसवर तो त्याआधी, १९८९ मध्येच पोचला होता. त्या काही महिन्यांत ज्या मुलांनी तो पार्लरमध्ये पाहिला, ती आज पन्नाशीकडे झुकली आहेत. पैसा हाताशी आहे आणि आठवण अजून ताजी आहे.

ही कल्पना एकट्या निन्टेंडोचीच राहिली नाही. सेगा कंपनीनं १९८९ मध्ये ‘मेगा-टेक’ काढलं. त्यात मेगा ड्राइव्ह या घरगुती यंत्राचे आठ खेळ बसत आणि तिथेही वेळच विकला जाई. निन्टेंडोनं १९९१ मध्ये पुढच्या पिढीचं ‘सुपर सिस्टीम’ आणलं. एसएनके कंपनीनं १९९० मध्ये उलटी गंगा वाहवली: पार्लरसाठी बनवलेलं निओ-जिओ तिनं जसंच्या तसं घरी विकायला काढलं, आणि त्याची किंमत ऐकून आईबापांचे डोळे पांढरे झाले.

आपल्याकडे १९९० च्या दशकात हीच कल्पना कोणाला न विचारता गावोगाव रुजली होती. एका खोलीत दोन-तीन टीव्ही, प्रत्येकाला फॅमिकॉमची नक्कल असलेला स्वस्त डबा जोडलेला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत अर्ध्या तासाचे पैसे घेणारा पोरगा. वेळच विकायचा होता, फक्त कपाट नव्हतं. ते डबे तुटले, भंगारात गेले. कोणी संग्राहक शोधायला निघाला तरी त्याच्या हाती काय लागणार?

अमेरिकेतल्या संग्राहकाच्या हाती निदान लाकूड लागतं. जुनं प्लेचॉइस-१० विकाऊ आहे असं कळलं की जाणता माणूस समोरच्या रंगाला भुलत नाही. खिशातून बॅटरी काढतो, कपाट भिंतीपासून पुढे ओढतो, मागचं दार उघडतो आणि आधी चिप जागेवर आहे की नाही ते पाहतो. मग किमतीचं बोलणं सुरू होतं.