आच्छाडच्या नाक्यावर तीन कायदे

विमानाने परदेशी सहलीला जाणारे विचारतात, लंडनला १८ व्या वर्षी दारू विकत मिळते, मग अमेरिकेत २१ का? आमच्या तलासरीच्या मजुराला हा प्रश्न पडायला विमान लागत नाही, आच्छाडचा नाका पुरतो.

मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. १९६० साली राज्ये दोन झाली आणि त्याच कायद्याला दोन वाटा फुटल्या. महाराष्ट्रात सौम्य बिअरला २१ वर्षे, व्हिस्की-रमला २५, तीही परवान्यावर. गुजरातेत वय कोण विचारतो! परवान्यावाचून बाटली सापडली की गुन्हा. दमण १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे, म्हणून तिथे दुकाने उघडी.

डहाणू-तलासरीची पोरे गुजरातच्या वापीत कारखान्यांत जातात, सुटीला दमण गाठतात. तिथली बाटली पावतीसकट कायदेशीर. पण दमणहून घरचा रस्ता गुजरातेतूनच येतो आणि तिथे पावतीला कोणी विचारीत नाही. १८ व्या वर्षी मत देणारा हा तरुण मग हजेरी बुडवून कोर्टाच्या तारखा मोजतो. वकिलाची फी निराळीच.

प्यावी की नाही, हे आम्ही युनियनच्या सभेत सांगत नाही. एवढेच सांगतो की बाटली दमणलाच ठेवून या, आणि टेम्पोत दुसऱ्याची पिशवी मांडीवर घेण्याआधी उघडून पाहा.